पुसलेली खूण

९ जानेवारी

तो नव्हता.

सकाळी सातची बस, तीन तासांचा रस्ता. दादा खिडकीशी, मी शेजारी. दवाखान्यातला वॉर्डबॉय फोनवर छातीठोकपणे म्हणाला होता – "शंभर टक्के तुमचाच भाऊ!" अकरा नंबरची खाट. जाऊन बघतो तर साठीचा म्हातारा! आमच्या भोंग्याला अजून चाळिशीसुद्धा लागली नाही. त्या म्हाताऱ्यानं माझा हात धरला, सोडेचना. दादा बाहेर जाऊन नळावर तोंड धुऊन आला, बराच वेळ धूत होता.

घरी आई दारातच उभी. मी नुसती मान हलवली. "बरं. जेवून घ्या," म्हणाली आणि आत गेली.

१० जानेवारी

झोप नाही. डोक्यात तेच. सहा वर्षांपूर्वीचा मंगळवार, भोंग्याच्या लग्नाला बारा दिवस राहिलेले. "साबण आणतो" म्हणून गेला. भांडण नाही, तंटा नाही. आई म्हणते डोक्याला मार लागला असेल, नाव-गाव विसरला असेल. आम्हीही तेच म्हणतो. दुसरं म्हणायचं तरी काय?

लहानपणी भोकाड पसरलं की चार घरं बाहेर यायची, म्हणून भोंग्या. मोठा झाल्यावर मात्र तोंडातून शब्द फुटायचा नाही.

२ फेब्रुवारी

चौकीत गेले. हवालदार नवा. फाईल सापडेना, मग कपाटाखालून निघाली. "बाई, मोठा माणूस आहे. स्वतःच्या पायानं गेला असेल तर आम्ही काय करणार?" म्हटलं, साबण आणायला गेला होता! तर हसला मेला. बाहेर येऊन पायरीवर बसले. कोणावर ओरडू? कोणाचं काय चुकलं?

१७ फेब्रुवारी

आज लिहायला नको वाटतंय. तरी लिहिते.

दादाबरोबर निराधारांच्या आश्रमात गेले होते. तिथल्या बाई चष्मा लावून आमचं 'हरवला आहे'चं पत्रक वाचत होत्या. एकदम म्हणाल्या, "अहो, खाली लिहिलंय – वरच्या ओठावर उभा व्रण. फोटोत कुठाय?"

दादा म्हणाला, "हा काय!" आणि बोट ठेवलं. बोटाखाली काहीच नव्हतं. गुळगुळीत ओठ.

मी बघितलं. पुन्हा बघितलं. नाही!

फोटोच्या दुकानात मी काय करते? बाई-बुवांचे फोटो साफ करते. मुरूम पुसायचे, डोळ्यांखालचं काळं उजळायचं, टकलावर दाट केस. अठरा वर्षं तेच. भोंग्याचा हा फोटो स्थळांना पाठवायला काढलेला. मीच बसून हौसेनं साफ केला होता. बघून तो म्हणाला होता, "ताई, हा कोण गं राजबिंडा?" आम्ही पोट धरून हसलो होतो.

आणि तोच फोटो सहा वर्षं भिंतीभिंतींवर! आई रोज बघते, दादानं हजारो चिकटवले, मी स्वतः छापले. एकालाही दिसलं नाही. आम्हाला त्याच्या ओठावर व्रण दिसायचाच, कागदावर असो नसो.

बाई हळूच म्हणाल्या, "व्रणवाले दोघे-तिघे येऊन गेले इथे. फोटोशी जुळेना, म्हणून नाही कळवलं."

दादा बसमध्ये एवढंच बोलला – "काखेत कळसा." मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१८ फेब्रुवारी

आईला सांगितलं. ती भाजी चिरत होती, चिरतच राहिली. "मुद्दाम केलंस का? नाही ना? मग झालं." थोड्या वेळानं – "चांगला दिसत होता गं त्यात." मी मोरीत जाऊन रडले.

२१ फेब्रुवारी

मूळ फोटो नाही! दुकानाचा जुना कॉम्प्युटर भंगारात गेला, त्याबरोबर तोही. मालक म्हणाले, "तुझ्याच हातानं पुसलास, तुझ्याच हातानं काढ." बोलायला काय जातंय! पण दुसरा उपाय कुठाय?

व्रण डावीकडे की उजवीकडे? आई म्हणे डावीकडे. दादा म्हणे उजवीकडे. "मी आई आहे त्याची!" "आणि झोपाळ्यावरून पडला तेव्हा उचलून कोणी नेला? मी!" दोघांचं कडाक्याचं भांडण. त्याचं तोंड आठवताना आमचं हे! शेवटी दादाच्या लग्नातल्या घोळक्याच्या फोटोत सापडला, मागच्या रांगेत अर्धा झाकलेला. डावीकडे. आई जिंकली आणि पदर डोळ्याला लावला.

२४ फेब्रुवारी

अठरा वर्षं लोकांच्या खुणा पुसल्या. आज पहिल्यांदा एक काढली. चार दिवस लागले. आधी फार ठळक झाली, गुंडासारखा दिसायला लागला. मग फिकट केली. केस विरळ केले, गालावरचा तजेला काढला, कपाळावर दोन आठ्या घातल्या. सहा वर्षांनी वय वाढलं असेल ना? काढता काढता समोर तोच येऊन बसला. मालकांनी खुर्चीमागून बघितलं, दिवे लावले.

आईला दाखवला. बोटानं ओठ चाचपला तिनं. "आता आला घरी," म्हणाली.

८ मार्च

दादा दर रविवारी डबा बांधून निघतो. बादलीत खळ, खांद्यावर पिशवी. यंदा बसच्या शेवटच्या थांब्यापर्यंतची सगळी गावं धरलीत. गुडघा दुखतो त्याचा. वहिनी म्हणाली, "मी येते शिडी धरायला." सहा वर्षांत पहिल्यांदाच तिचं-माझं गोड बोलणं झालं!

माझा नंबर मोठ्या अक्षरात टाकलाय. फोन उशाशी, न्हाणीघरातही बरोबर.

१५ मार्च

फोन नाही.

१९ मार्च

दोन आले. एक टवाळ, एक दारूडा. टवाळाला शिव्या घातल्या. दारूड्याशी अर्धा तास बोलत बसले! म्हणे पाहिलाय. कुठे, ते त्याला आठवेना. वेडी झाले आहे मी.

२३ मार्च

आईनं त्याचे शर्ट उन्हात टाकले. इस्त्री करून ठेवले.

२९ मार्च

दुपारी दुकानात फोन वाजला. अनोळखी नंबर.

"ताई."

एवढ्यानंच ओळखला. मागच्या खोलीत पळाले, दार लावलं. कुठे आहेस, बरा आहेस ना, आई वाट बघतेय – रडत रडत काय काय बोलले.

त्यानं बोलू दिलं. मग म्हणाला, "ताई, तुमचा जुना फोटो आमच्या कोपऱ्यावर वर्षानुवर्षं होता. मी रोज त्याच्यासमोरून कामाला जायचो. कुणी वळून बघायचं नाही. नवा काल माझ्या बायकोनं बघितला. पोरीनंही. त्यांना मी सांगितलंय, मला मागेपुढे कुणी नाही. पाया पडतो तुझ्या, तो काढा. आणि मला शोधू नका."

फोन बंद.

संध्याकाळी आईनं विचारलं, आज कुणाचा आला का गं? मी नाही म्हटलं.