आमच्या घराण्याची पकड

४ जानेवारी, सकाळी ७
आजपासून रोज पन्नास बैठका. वयाला जरा दम द्यायचा. अकरा झाल्या. बारावीला कपाट धरून उठलो. कपाट मीच केलेलं, हललंसुद्धा नाही.

९ जानेवारी
रंधा मारून झाला तरी बोटं त्यावरून सुटेनात. शेजारचा पॉलिशवाला म्हणतो, काका, रंध्याशी लग्न लावलंत की काय! हसू दे मेल्याला. ही आमच्या घराण्याची पकड. वडिलांनी हात धरला की समोरच्याला सोडवून घ्यावा लागे. शेवटी त्यांना चमचा उचलेना, पण ते म्हातारपण.

२१ जानेवारी
वर्कशॉपच्या पायरीवर पडलो. पायरी चुकीच्या मापाची आहे. बैठका तात्पुरत्या बंद.

२ फेब्रुवारी
लेकीने हट्टाने दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी शेकहँड केला. म्हणाल्या, आता सोडा. म्हटलं, सोडतोच आहे. बाई हसल्या नाहीत. अंगठ्याच्या मुळाशी छोट्या हातोडीने हलकेच ठोकलं, अंगठा आत वळला तो वळलाच. म्हणाल्या, हे नुसतं वय नाही, स्नायूंचा आजार आहे, रक्तातून आलाय, बहुतेक वडिलांकडून. पुढच्या पिढीत लवकर दिसतं. मुलीचीही तपासणी करा, मूल होण्याआधी. तिच्या तपासणीची चिठ्ठी दिली.
लेक बाहेर औषधांच्या खिडकीशी होती. तिला सांगितलं, व्हिटॅमिन कमी पडलंय.
चिठ्ठी छिन्न्यांच्या पेटीत, तळाला. योग्य वेळ बघून बोलू.

२३ फेब्रुवारी
लेकीला दिवस राहिलेत! लग्नानंतर सहा वर्षांनी. आनंदावर विरजण कशाला? चिठ्ठीचं बाळंतपणानंतर. पाळणा आठ दिवसांत करतो म्हणालो.

१४ मार्च
पाळण्याची एकच बाजू झाली. स्क्रू पिळताना हात गळून जातात. लाकूड ओलं असणार.

१९ मार्च, संध्याकाळ
लेक पाळणा बघायला आली. मला खुंटी ठोकता यावी म्हणून तिने पाळण्याचा पाय घट्ट धरला. झाल्यावर म्हटलं, सोड आता. म्हणाली, थांबा ना बाबा, हल्ली माझीही बोटं लगेच उघडत नाहीत. घराण्याची पकड! केवढ्या कौतुकाने म्हणाली.
मी मनात आकडे मोजले. नवाला बोटं सुटली.
पेटी उघडली. छिन्न्या एकेक बाहेर काढल्या. चिठ्ठी तिच्या हातात दिली.
तिने वाचली. मग वरची तारीख वाचली, दोनदा. विचारलं, बाबा, तेव्हाच का नाही सांगितलंत?
कारण सुचलं नाही.