त्याच कळपातला मेंढा

चुडावा, मंगळवार, माघ १९५५

आज अक्का आणि दाजी त्यांच्या म्हादूला घेऊन माझ्या शांतेला त्याच्यासाठी मागायला आले. बहिणीचा हक्कच तो, नाही कसं म्हणायचं? पण आमचे आबा दिवस कलला की भिंत धरून चालायचे, हे अक्का विसरली? शिवाय तिला दिलं तेही आत्याच्याच घरात. वर्गात वाटाण्याचा धडा शिकवताना मीच सांगतो, एका पिढीत दडलेला गुण पुढच्या पिढीत वर येतो.

जेवताना दाजी म्हणाले, "मेंढा बदलला, मास्तर. जुन्याच्या लेकींना त्योच लावला व्हता, अन् कोकरं आंधळी निपजायलीत."

"मग शांता अन् म्हादू?"

"माणसाचं येगळं असतंय," दाजी हसले. "घरचं रगत घरात ऱ्हातंय."

अक्कानं सोयरीक ठरली म्हणून माझ्या हातावर साखर ठेवली. तिच्याकडं बघून मी ती तोंडात टाकली. का टाकली?

निघताना भिंतीवर अजून ऊन होतं. म्हादू उंबऱ्याशी पायानं चपला चाचपडत होता. चपला त्याच्या पुढ्यातच होत्या.

अक्कानं त्याचा दंड धरला. आई आबांचा धरायची, अगदी तसाच.