आईंची क्लासिकल गिटार

ती. सौ. सुचित्रा वन्सं यांना,
फणसवाडीहून दर्शनाचा नमस्कार.

तुमचे गुडघे आणि भावोजींची शुगर दोन्ही ताब्यात असतील असं धरून चालते. इकडे तुमच्या भावाची पाठ सोडली तर सगळे ठीक. (पाठ दुखते ती सोफ्यावर आडवं पडून मोबाइल बघितल्याने. पण मी बोलले की वाईट.) हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं, पण फॅमिली ग्रुपवर आई आहेत, आणि माझा अंगठा ऐन वेळी कुठला मेसेज कुठे पाठवेल याचा नेम नाही. मागे माझ्या ब्लाउजची मापं तुमच्या दिरांना गेली होती, आठवत असेलच. म्हणून कुरियर.

रविवारी तुम्ही आईंना कायमचं नाशिकला न्यायला येताय. तसं ठरलं तेव्हा मीच आधी हो म्हटलं होतं. अण्णा गेल्यापासून त्या गॅलरीतल्या खुर्चीत नुसत्या बसून असायच्या. बोलणं नाही, चालणं नाही, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणंसुद्धा नाही. हवापालट होईल, लेकीकडे बरं वाटेल, असं मलाही वाटलं. पण वन्सं, मधल्या काळात जे घडलंय ते तुम्हाला कळायलाच हवं. आधी खाली बसा. बसलात? तुमच्या आईंनी गिटार घेतली.

गिटारच. सतार नाही, मीही आधी तेच विचारलं. अण्णांचं वर्षश्राद्ध झालं, त्यानंतरच्या सोमवारी सकाळी मी चहा घेऊन गेले तर आई खुर्चीतून म्हणाल्या, "माका गिटार होया." मला वाटलं, डोक्याला काहीतरी झालं. ह्यांना उठवलं. ह्यांनी आईंना जीभ बाहेर काढायला लावली, दोन्ही हात वर करायला लावले, आजचा वार विचारला. आईंनी तिन्ही करून दाखवलं आणि पुन्हा म्हणाल्या, गिटार होया. मग उलगडा झाला. आमच्या वरच्या मजल्यावर मनवा नावाची मुलगी भाड्याने राहायला आलीय. (केस निळे, पण स्वभावाने गरीब.) ती संध्याकाळी जिन्यात बसून गिटार वाजवते आणि आई रोज कान लावून ऐकत असतात. आपल्याला वाटत होतं, बाई शून्यात बघत बसलीय! आणि आई त्या मुलीशी बोलून, शिकायचं ठरवून, मोकळ्या झाल्या होत्या. मला या घरात पडदा बदलायचा तरी चौघांना विचारावं लागतं.

तर मी, आई आणि मनवा अशा आम्ही दादरला दुकानात गेलो. आईंनी ठेवणीतली इरकली नेसली होती, लग्नाचा बस्ता बांधायला निघाल्यासारखी. दुकानदार सज्जन माणूस, त्याने हसून पहिली गिटार पुढे केली आणि मी किंचाळलेच. गिटारीचा खांद्याकडचा एक लचका चक्क कापलेला! वर्षश्राद्धानंतर घरात येणारी पहिली वस्तू आणि ती खंडित? मी म्हटलं, अहो, आम्ही साध्या दिसतो म्हणून फुटका माल गळ्यात मारता काय? तो बिचारा सांगतोय, मॅडम, ही डिझाइन आहे, हात वरच्या सुरांपर्यंत पोचावा म्हणून असा काप देतात. मी कसली ऐकतेय! आमच्याकडे टवका उडालेला पाटसुद्धा पूजेला घेत नाहीत. मी आवाज चढवला, गिऱ्हाइकं गोळा झाली, मनवा माझी ओढणी ओढायला लागली. शेवटी त्याने भिंतीवरच्या डझनभर गिटारी दाखवल्या, त्यातल्या निम्म्यांचा लचका त्याच जागी गेलेला. तेव्हा मी गप्प बसले, पण बिनकापाचीच द्या म्हटलं.

या गडबडीत आई कुठे? तर आई गिटारी निवडत होत्या. कशा? वन्सं, तुम्ही त्यांची लेक, ओळखा बघू. नारळासारख्या! एकेक गिटार कानाशी धरायची, बोटाच्या पेराने टकटक वाजवायची, नाक मुरडून बाजूला ठेवायची. दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळालं. एक गिटार तर त्यांनी धरून गदागदा हलवली, आत काहीतरी खुळखुळलं, आणि भर दुकानात जाहीर केलं, "ह्यो गोटो आसा. आतला खोबरा सुटला." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दुकानदाराने गिटार उलटी करून हलवली, तर मधल्या भोकातून तार छेडायची प्लास्टिकची टिकली पडली. कुणीतरी वाजवताना आत पाडली होती. पण आईंना पटलं नाही ते नाहीच. गोटा म्हणजे गोटा.

शेवटी तो म्हणाला, पहिलीच गिटार आहे, लोखंडी तारांनी आजींची बोटं सोलवटतील. नायलॉनच्या तारांची घ्या, क्लासिकल. हा शब्द ऐकला आणि माझ्या जिवात जीव आला. क्लासिकल! म्हणजे शास्त्रीय! म्हणजे चारचौघांत सांगण्यासारखं! मी लगेच हीच बांधा म्हटलं, आणि घरी पोचायच्या आत शेजारच्या राधाबाईंना फोन करून कळवलं की आमच्या आई शास्त्रीय संगीत शिकणार. माझी अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती देव जाणे. शनिवारी राधाबाई तीन बायकांना घेऊन हजर, मांडी घालून, डोळे मिटून, मान डोलवायच्या तयारीत. मनवाने सुरुवात केली आणि मागोमाग आईंनी सगळ्या तारांवर असा काही हात मारला, धडाड् धम्, की राधाबाईंनी 'वा' म्हणायला उघडलेलं तोंड मिटायचंच राहून गेलं. क्लासिकल हे गिटारीच्या जातीचं नाव आहे हो, त्यावर काय वाजवाल ते तुमचं तुम्ही! हे मला आधी कुणी सांगायचं? आता अख्खी वाडी मला विचारते, काय दर्शनाबाई, कुठल्या घराण्याची तालीम?

आणि आई? त्यांच्यावर ढिम्म परिणाम नाही. उलट जोर आलाय. सकाळी धडाड् धम्, संध्याकाळी धडाड् धम्. परवा गिटार बाजूला ठेवून म्हणाल्या, तुझी सोलकढी पाणचट झालीय. कितीतरी महिन्यांनी नावं ठेवली हो त्यांनी! मी आत जाऊन ओट्याशी रडले. राग आला होता म्हणून नाही.

असा सगळा गोंधळ. भावोजींना नमस्कार.

तुमची,
दर्शना

ता. क. : रविवारी जरूर या, वड्याचं पीठ भिजवते. पण आईंना नेऊ नका.

ता. क. २ : त्यांना विचारूही नका. विचारलंत तर त्या मुकाट्याने बॅग उचलतील. त्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही, तुम्हालाही माहीत आहे. म्हणून त्यांच्या वतीने मी नाही म्हणतेय. वाईट वाटलं तर माझ्यावर रागवा.

ता. क. ३ (हे मी, आई, लिवतंय) : सुचू, दर्शनान पाकीट उघडाच ठेवल्यान, मी सगळा वाचलंय. माका विचारू नका म्हणता, माका काय तोंड नाय? मी येवचंय नाय. तू ये, वडे खा आणि जा. येताना गिटारीची एक तार घेवन ये, जुनी तुटली. मी नाय तोडलंय. दुपारची मी निजलंय असा बघून दर्शना चोरून वाजवता, तिनाच तोडल्यान.