गुलाबपाण्याच्या परवान्यावर खुर्शीदाबींचे नाव राहावे म्हणून

प्रति,
मे. परवाना अंमलदारसाहेब,
भट्टी व दुकाने परवाना कचेरी,
नाशिक.

अर्जदार : गोजराबाई, मयत सावळीराम माळी यांची विधवा, वय अदमासे ४५, धंदा फूलशेती व गुलाबपाणी, राहणार मखमलाबाद, तालुका नाशिक.

विषय : गुलाबपाण्याच्या भट्टीच्या परवान्यातून भागीदार खुर्शीदाबी यांचे नाव कमी न करणेबाबत, व अर्जदाराने पूर्वी दिलेला जबाब खोटा असल्याबाबत.

संदर्भ : (१) अर्जदाराचा जबाब, ता. ९ एप्रिल १९३६. (२) आपल्या कचेरीची नोटीस, ता. २२ जून १९३६.

मेहेरबान साहेब,

आपल्या नोटिशीत असे लिहिले आहे की, नाशकातील कथडा भागातल्या भट्टीच्या भागीदार खुर्शीदाबी यांनी तयार माल जाणूनबुजून नासवला. शिवाय त्यांची दृष्टी गेल्यामुळे त्यांच्याने भट्टीवर देखरेख होणार नाही. सबब त्यांचे नाव कमी करून परवाना एकट्या अर्जदाराच्या नावे करण्यात येईल, हरकत असल्यास महिन्याचे आत कळवावी. अर्जदाराची हरकत आहे. नोटीस अर्जदाराच्याच जबाबावरून निघाली आहे, त्यात कचेरीची काही चूक नाही. जबाबच खोटा होता. खरी हकीकत येणेप्रमाणे.

१. सात वर्षांपूर्वी अर्जदार आपल्या मळ्यातला गावठी गुलाब गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, फूलबाजारात आणून विकत असे. दुपारपर्यंत न खपलेले फूल टाकून द्यावे लागे. एके दिवशी अत्तरवाले मयत हबीब यांची विधवा खुर्शीदाबी पाटीशी थांबल्या. अर्जदार म्हणाली, "न्या फुकट, नायतरी गाईपुढं जायाचंय." त्यांनी एक फूल उचलून हुंगले व परत ठेवले. म्हणाल्या, "हे नको बाई. उद्या दव असताना तोडलेलं आण, मग बघू." तेथून भागीदारी सुरू झाली. फूल अर्जदाराचे, हुन्नर त्यांचा. त्यांच्या अंगणात एक तांब्याची देग होती. देगेत फूल उकळायचे, वाफ नळीवाटे दुसऱ्या भांड्यात उतरवून थंड करायची, की गुलाबपाणी तयार. नवरा गेल्यावर दोघींनाही ह्या धंद्याने उभे केले.

२. आमचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे कथड्यातील हकीम. ते हे पाणी लेकरांच्या आलेल्या डोळ्यांत घालण्यास देत. म्हणून दर खेपेचे पाणी खुर्शीदाबी आधी स्वतःच्या उजव्या डोळ्यात घालीत आणि एक विडा चघळून होईपर्यंत स्वस्थ बसत. अर्जदार हसून म्हणे, "तुमचा डोळा म्हंजे काय सरकारी मोहर हाय का?" त्या म्हणत, "लेकराच्या डोळ्यात जायचं ते आधी माझ्या डोळ्यात जाऊ दे."

३. तिसऱ्या वर्षी मिठाईवाले येऊ लागले, लग्नघरांचे बोलावणे येऊ लागले, आणि एका देगेने भागेना. अर्जदार म्हणाली, दुसरी देग घेऊ. खुर्शीदाबी म्हणाल्या, "देग बाजारात मिळते. फूलही मिळतं, पण ते कधी तोडलंय ते मिळत नाही. आधी कलमं लाव." दोन वर्षे कलमे वाढण्याची वाट पाहण्यात गेली. तेवढ्यात दोन गिऱ्हाइके दुसरीकडे गेली, म्हणून अर्जदाराने पुष्कळ त्रागा केला. पुढे मळा फुलला, आमच्या एका देगेतच पूर्वीपेक्षा सरस पाणी उतरू लागले, तेव्हा गेलेली गिऱ्हाइके आपण होऊन परत आली. मालेगावच्या एका मिठाईवाल्याने माल मागितला, तेव्हा खुर्शीदाबी आधी स्वतः मोटार लॉरीत बाटल्या मांडीवर घेऊन तिथवर जाऊन आल्या. रस्त्याच्या हादऱ्यांनी बुचे गळतात असे दिसले. चांगली बुचे मिळेपर्यंत त्यांनी मालेगावला माल पाठवला नाही. त्यांची रीत अशी, की पाऊल टाकण्याआधी जमीन चाचपायची. अर्जदारास ते भित्रेपण वाटे.

४. मागच्या हिवाळ्यात मुंबईचे एक व्यापारी आले. त्यांचे म्हणणे, सगळा माल आम्हालाच द्या, बाटलीवर चिठ्ठी आमची लागेल, मात्र पाडव्यापर्यंत दुप्पट पाहिजे. खुर्शीदाबी म्हणाल्या, "निम्मं देऊ. सगळं एकालाच दिलं आणि उद्या तो उठून गेला, तर आपण कोणाच्या दारात उभं राहायचं? हकिमाला तरी काय सांगायचं?" एवढ्यात मालेगावी त्यांची बहीण सकीना अंथरुणाला खिळली आणि त्यांना तिकडे जावे लागले. निघताना एवढेच म्हणाल्या, "मी येईपर्यंत कुठं अंगठा लावू नकोस."

अर्जदाराने अंगठा लावला. का लावला, तेही लिहिणे भाग आहे. सात वर्षे जो तो म्हणे, खुर्शीदाबीचं गुलाबपाणी. गोजराबाईचं असे कोणी म्हटले नाही. त्या नसताना धंदा दुप्पट करून दाखवावा, असे मनाने घेतले. पैशाची हाव म्हणावी तर तेवढी नव्हती.

५. अर्जदाराने एका बंद पडलेल्या भट्टीची जुनी देग व तिचे भांडे आणले आणि दुसऱ्या देगेच्या परवान्यासाठी आपल्या कचेरीत अर्ज केला. परवाना येण्याची वाटही न पाहता देग चुलीवर चढवली. निसार कल्हईवाल्याने भांड्यात हात घालून पाहिले आणि सांगितले, "आत हिरवं धरलंय. चार दिवस द्या, घासून कल्हई करून देतो." चार दिवस नव्हते. मळ्यातले फूल पुरेना म्हणून बाजारातले दोन दिवसांचे उचलले, देग गळ्यापर्यंत भरली आणि उतरलेले पाणी त्याच भांड्यात दोन दिवस राहू दिले.

६. ता. २१ मार्च रोजी खुर्शीदाबी परत आल्या, तेव्हा अंगणात बाटल्या भरणे चालले होते. त्यांनी दोन चुली पाहिल्या. बुरखा खुंटीला अडकवला, एक बाटली उघडून हुंगली.

"बाई, हे आपलं नाही."

अर्जदार म्हणाली, "वास जरा हलका हाय. बाकी समदं तेच."

"भांड्याला कल्हई केली?"

अर्जदार म्हणाली, "केली."

साहेब, ह्या एका शब्दावर त्यांनी ते पाणी डोळ्यात घातले. हकिमांचा माणूस तासाभरात येणार होता, तोवर त्यांना परीक्षा करून घ्यायची होती. त्या खाली बसल्या. डोळ्याची आग होऊ लागली. डोळा धरून रांजणाकडे गेल्या, ओंजळीओंजळीने धुतला, आणि मग पदर डोळ्यावर दाबून एका हाताने एकेक बाटली गटारात रिकामी केली. व्यापाऱ्यांच्या माणसाने ते पाहिले आणि माल नासवल्याची तक्रार आपल्याकडे केली. हकिमांकडे त्या पाण्याचा एक थेंबही गेला नाही.

डोळा चिघळला. दवाखान्यात नेले तोवर बुबुळावर जखम झाली होती, आणि मग त्यात फूल, म्हणजे पांढरा डाग, पडून तो गेला. मे महिन्यात डावाही गेला. डॉक्टरसाहेब म्हणाले, कधीकधी एका डोळ्याचे दुखणे दुसऱ्याला घेऊन जाते.

७. ता. ९ एप्रिल रोजी आपले कारकून चौकशीस आले. खुर्शीदाबी दवाखान्यात होत्या. व्यापाऱ्यांचा माणूस शेजारी उभा होता, आणि परवान्यावाचून चालवलेली दुसरी देग मागे पोत्यांखाली झाकलेली होती. अर्जदाराने सांगितले, "माल चांगला होता. भट्टीचं त्याच बघतात. का ओतलं, मला ठाऊक नाय." कारकुनांनी लिहून घेतले, वाचून दाखवले, अर्जदाराने निशाणी केली. कारकून दवाखान्यातही गेले होते, हे अर्जदारास नोटीस आल्यावर कळले. तेथे खुर्शीदाबींनी एवढेच सांगितले की, "माल मी ओतला." अर्जदाराचे नाव त्यांनी घेतले नाही.

८. दवाखान्यातून त्यांना मालेगावी सकीनाबींकडे नेले होते. नोटीस मिळाल्यावर अर्जदार तेथे गेली. घरात माग चालू होते. खुर्शीदाबी भिंतीला टेकून सुताच्या लडी सोडवीत होत्या. अर्जदाराने कल्हईचे, जबाबाचे, सगळे सांगितले. त्यांचे हात थांबले नाहीत.

म्हणाल्या, "कल्हईचं मला त्याच घटकेला कळलं. डोळ्यातलं घशात उतरतं, बाई. जिभेवर तांबं आलं होतं."

"मग तुम्ही बोलला का नाय?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते."

सकीनाबींनी चहा आणला. खुर्शीदाबी म्हणाल्या, "परवाना तुझ्या नावे होतोय म्हणे. घे. मळा तुझा आहे, तो वाया जाऊ देऊ नकोस." त्यांच्या बोलण्यात राग असता तर अर्जदारास बरे वाटले असते. नाशिकला परत चला म्हटले, तर त्या पुन्हा लडी चाचपू लागल्या. लडीचे टोक सापडत नव्हते, ते शोधत राहिल्या.

९. भट्टी तेव्हापासून बंद आहे. व्यापारी दुसरीकडे गेले. कलमांवर धरलेले फूल झाडावरच गळते. जुनी देग व भांडे अर्जदाराने निसारकडून ठोकून मोडीत काढले. आता साहेबांस विनंती ती इतकीच :

अर्जदाराचा ता. ९ एप्रिलचा जबाब खोटा धरावा व त्याबद्दल जी शिक्षा असेल ती अर्जदारास द्यावी. दुसऱ्या देगेचा अर्ज अर्जदार मागे घेत आहे. परवाना एकट्या अर्जदाराच्या नावे करू नये. तो राहायचा असेल तर पहिले नाव खुर्शीदाबींचे राहावे, नाहीतर दोघींचाही रद्द व्हावा. देखरेखीस डोळे लागतात असे नोटिशीत आहे. अर्जदाराचे दोन्ही डोळे शाबूत होते, आणि भांड्यातले हिरवे तिला दिसलेही होते.

त्या परत येतील की नाही, अर्जदारास माहीत नाही. येवोत न येवोत, माल त्यांनी नासवला असे सरकारी कागदात राहू नये.

शेवटची एक मागणी रिवाजाबाहेरची आहे. जो काही हुकूम होईल तो अर्जदाराच्या हाती देऊ नये. कचेरीचा माणूस मालेगावी पाठवून तो खुर्शीदाबींना वाचून दाखवण्याची तजवीज व्हावी. माणसाच्या जाण्यायेण्याचा खर्च अर्जदार सोसेल. अर्जदार स्वतः जाऊन सांगू शकते, पण अर्जदाराच्या तोंडचे खरे मानावे असे त्यांस आता काही कारण राहिलेले नाही.

हुकमाची वाट पाहणारी,
गोजराबाई
(डाव्या अंगठ्याची निशाणी)

मुक्काम नाशिक, ता. ११ जुलै १९३६

लिहिणार : कोंडाजी, अर्जनवीस. मजकूर अर्जदारास दोनदा वाचून दाखवला. कलम ६ मधील "केली" हा शब्द गाळावा असे मी सुचवले होते. अर्जदाराने गाळू दिला नाही.

सोबत : (१) नोटिशीची नक्कल. (२) दवाखान्याचा दाखला. (३) निसार कल्हईवाले यांचे निवेदन.