सोमवारची शांता

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर,
दि. ९ नोव्हेंबर १९८२

ती. सौ. नीलम्मा वहिनींस,
शांताचा शि. सा. न. वि. वि.

उस्मानाबादहून सामान येऊन पोचलं. एक ट्रंक चेपली, बाकी ठीक. नवा जिल्हा झाला खरा, पण कचेरीत खुर्च्या पुरत नाहीत. यांचं आणि आणखी एका कारकुनाचं मिळून एक टेबल आहे. हे डाव्या बाजूला बसतात आणि त्याचीच ऐट मिरवतात.

मी इथल्या महिला मंडळात नाव घातलंय. गावाबाहेर एक वृद्धाश्रम आहे. दर सोमवारी आम्ही तिथे जातो. प्रत्येकीनं एका म्हातारीजवळ तासभर बसायचं, आपण कमी बोलायचं, तिचं ऐकायचं, एवढंच काम. माझ्या वाट्याला दानम्मा आल्यात, इस्लापूरकडच्या. काल दुसराच सोमवार, पण बाईंनी माझ्यासाठी एक गोष्ट राखून ठेवली होती. मी येईपर्यंत कुणाला सांगितली नाही म्हणे.

मंडळातल्या बाया शिकलेल्या आहेत. मी आपली सातवी पास. अप्पांनी शाळा सोडवली नसती तर मीही बी. ए. झाले असते, पण गेलेल्या माणसाला काय बोलायचं? नांदेडच्या शाळेत घालतो म्हणणारे मास्तरही शेवटी घरी आलेच नाहीत.

पत्र अव्वाला वाचून दाखवा. लेक संक्रांतीला नक्की येते म्हणावं. दादांना नमस्कार. तुमचा लोभ आहे तसाच राहू द्यावा.

तुमची,
शांता

---

मुखेड,
दि. ३० नोव्हेंबर १९८२

चि. सौ. शांतास,
नीलम्माचे अ. उ. आ.

तुझं पत्र अव्वांना तीनदा वाचून दाखवलं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत उतरलाय, त्यामुळे अक्षर दिसत नाही, तरी कागद हातात घेऊन बसतात. दानम्माला लेकरं किती, ती जेवते काय, गोष्ट कसली सांगितली, सगळं मलाच विचारतात. मी म्हटलं, मी काय लातूरला जाऊन आले का?

यंदा पाऊस दडी मारून बसला तो बसलाच. आडाचं पाणी इतकं खोल गेलंय की दोराला दोर बांधावा लागतो. सकाळी दहा घागरी ओढल्या की हात लाकडासारखे होतात. अव्वांच्या लिंगपूजेचा तांब्या तेवढा आधी भरून ठेवते, कारण पूजा झाल्याशिवाय त्या पाण्याचा घोट घेत नाहीत. दुकानात गिऱ्हाईक नाही म्हणून तुझे दादा दिवसभर तराजू पुसतात.

डाव्या बाजूच्या साहेबांना नमस्कार सांग. संक्रांतीची वाट पाहते. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझी,
नीलम्मा वहिनी

---

लातूर,
दि. १८ जानेवारी १९८३

ती. सौ. वहिनींस,
शांताचा शि. सा. न. वि. वि.

संक्रांतीला येणं जमलं नाही, रागावू नका. आश्रमात मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम ठरला आणि वाटपाचं काम माझ्याकडे आलं. वर्तमानपत्रात फोटो आलाय. डावीकडून तिसरी मी, मान खाली आहे ती.

दानम्मांनी माझा हात धरून बजावलं की सोमवार चुकवू नको. आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला सोडून कसं निघायचं? अव्वाला तुम्ही आहात, दादा आहेत, भरलं घर आहे. या बायांना कुणी नाही. त्यांच्या मुलांना वर्षातून एकदा फिरकायला होत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

अव्वाला तिळगूळ पाठवलाय. दात नाहीत, कुटून द्या. दूर असले तरी मला विसरू नये.

तुमची,
शांता

---

मुखेड,
दि. २७ जानेवारी १९८३

चि. सौ. शांतास,
नीलम्माचे अ. उ. आ.

हे लिहावं की नाही यात चार दिवस गेले. अव्वा गेल्या सोमवारी नहाण करून, धुतलेलं लुगडं नेसून ओसरीवर बसल्या आणि तुझ्या दादांना म्हणाल्या, “इरूपाक्षा, मला बी त्या आश्रमात नेऊन ठेव. तितं शांता दर सोमवारी येती.”

ह्यांना हसावं की रडावं कळेना. मी समजूत घातली. पण त्या रोज विचारतात, कधी नेता म्हणून. तुला काहीतरी सांगायचंय त्यांना. मला सांगा म्हटलं तर नको म्हणाल्या. एक दिवस येऊन गेलीस तर बरं होईल. अधिक काय लिहू?

तुझी,
नीलम्मा वहिनी

---

लातूर,
दि. २ फेब्रुवारी १९८३

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. अव्वाला आश्रमात ठेवायचं तुमच्या मनात आलं कसं? दुष्काळात एक म्हातारं माणूस जड झालं का? आणि वर तिच्याच तोंडचं म्हणून लिहिता. मी तिची लेक आहे. स्वतःचं घर सोडून ती असं कधीच म्हणणार नाही.

आश्रमात आणून टाकलेल्या बायांच्या सुना अशाच गोड बोलतात, हे मी दर सोमवारी ऐकते. शिवरात्रीला येते आणि दादांशी समोरासमोर बोलते.

शांता

---

लातूर,
दि. ५ मार्च १९८३

ती. सौ. वहिनींस,
शांताचा शि. सा. न. वि. वि.

महिना झाला, तुमची एक ओळ नाही. शिवरात्रीला मी निघालेच होते, पण आश्रमाचं पाणी तुटलं, दोघी आजारी पडल्या आणि टँकरपाशी उभं राहायला कुणीतरी हवं होतं. मागचं पत्र रागात लिहिलं, टाकल्यावर पेटीत हात घालून परत काढावंसं वाटलं. अव्वा कशी आहे तेवढं तरी कळवा. राग धरा, पण अबोला धरू नका.

तुमची,
शांता

---

मुखेड,
दि. २९ मार्च १९८३

चि. सौ. शांतास,
नीलम्माचे अ. उ. आ.

अबोला धरलाच होता, खोटं का बोलू? वीस वर्षं अव्वांच्या हाताखाली काढली, त्यावर तू एका पत्रात पाणी फिरवलंस. पण आज लिहिते ते त्यासाठी नाही. माझ्याकडूनही एक चूक झालीय.

ते रागाचं पत्र आलं तेव्हा अव्वांनी विचारलं, शांतानं काय लिहिलंय? ते वाचून दाखवायला माझी जीभ रेटेना. मी म्हटलं, शिवरात्रीला येते म्हणते. तू आली नाहीस. त्यानंतरच्या सोमवारी त्या पुन्हा नहाण करून बसल्या. मी पाणी भरून आत आले तर विचारलं, शांता आली का? मला त्यांचं तोंड बघवलं नाही. मी म्हटलं, हाव, आले. जवळ बसले, हात हातात दिला. त्यांना दिसत नाही, ऐकूही कमी येतं. तेव्हापासून दर सोमवारी तासभर मी शांता होते.

चौथ्या सोमवारी त्यांनी जे सांगितलं ते तुझं आहे, म्हणून तुला देते. मास्तर घरी आले होते, शांता. नांदेडच्या वसतिगृहाचा कागद घेऊन आले होते. अप्पा गावाला गेलेले. पोरीलाच शिकायचं नाही, असं सांगून अव्वांनी त्यांना दारातून परत लावलं. अप्पांना ते कधी कळलंच नाही. का केलं, तर म्हणाल्या, “तू गेली असतीस तर घरात मी एकलीच उरले असते.” पंचवीस वर्षं हे पोटात ठेवलं. मग विचारलं, “माफ करतीस का बाई?”

मी काय करणार होते? उठून जाता येईना. मी म्हटलं, जाऊ दे अव्वा. त्या खूप रडल्या आणि मग गाढ झोपल्या.

ते तुझं होतं, मी देऊन बसले. तुला पटलं नाही तर मला बोल, त्यांना बोलू नको.

तुझी,
नीलम्मा वहिनी

---

लातूर,
दि. १९ एप्रिल १९८३

ती. सौ. वहिनींस,
शांताचा शि. सा. न. वि. वि.

पाडव्याला येऊन गेले, पण तुमच्यासमोर तोंड उघडलं नाही. तुमचा तळहात पाहिला आणि शब्द गिळले. जे समोर जमलं नाही ते लिहिते. वहिनी, मी तुम्हाला नको ते बोलले. मला माफ करा.

तुम्ही आडावर गेलात तेव्हा मी अव्वाजवळ बसले. आश्रमात बसते तशीच, आपण न बोलता. इतकी वर्षं मी अप्पांनाच दोष दिला. तिनं ते पुन्हा सांगावं आणि मी जाऊ दे म्हणावं, एवढ्यासाठी मी आले होते. उदगीरला गाडी बदलल्यापासून तेच दोन शब्द घोकत होते. शेवटी मीच विचारलं, काही सांगायचंय का?

ती म्हणाली, “सांगायचं ते सांगून झालं. शांतानं ऐकलं, आन् जाऊ दे म्हणली.”

मी म्हटलं, अव्वा, शांता मी आहे. तिनं माझा तळवा चाचपला. मग काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहिते. “कळतंय की. तुझा हात मऊ हाय. सोमवारच्या शांताच्या हाताला दोराचे घट्टे हायत. नीलम्माला म्हणू नको मला ठावं हाय म्हणून. पर त्या दिवशी जाऊ दे म्हणाया कोनीतरी पाहिजे व्हतं.”

तिनं सांगू नको म्हटलं होतं, तरी तुमच्यापासून आता मला काही लपवायचं नाही. तुम्ही मात्र तिला कळू देऊ नका. आणि एक खरं लिहिते. माझ्या मनात राग आहे. त्या सोमवारी मी तिथे असते तर जाऊ दे म्हटलं असतं की नाही, मला सांगता येत नाही. तुम्ही म्हणालात. माझ्या नावानं इतकं चांगलं मी स्वतः कधी वागले नाही.

काल आश्रमात गेले. दानम्मांनी विचारलं, आईनं काय काय सांगितलं? त्यांच्या माहेरची सगळी नावं मला पाठ आहेत, पण अव्वाची सांगावी अशी एक गोष्ट मला आठवेना.

यापुढे महिन्यातून एकदा मुखेडला येत जाईन. घागरी मी ओढीन, तुम्ही बसा. फक्त सोमवारी येणार नाही. सोमवारी तिच्याजवळ शांता असते.

दादांना नमस्कार. मला ठेवायची तेवढी माया तुम्ही ठेवलीत, आता मागायला तोंड नाही, तरी ठेवावी.

तुमची,
शांता