हलती राहिली फांदी

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार. हल्ली खरोखर वाकलो तर सरळ करायला दोन माणसं लागतात, म्हणून कागदावरच वाकतो. तुझा गुडघा कसा आहे? भाच्याने जिन्याला कठडा बसवला, की अजून तू भिंतीशी गप्पा मारतच चढतेस? इकडे सगळं ठीक. माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि जग इतकं लख्ख दिसायला लागलंय, की आरशात बघायची चोरी झाली आहे.

आता बातमी. फोनच करणार होतो, पण फोनवर तू दर दुसऱ्या वाक्याला "जेवलास का" विचारतेस आणि माझा धागा तुटतो. म्हणून पत्र.

ताई, काल मी तुझं गाणं ऐकलं!

अक्षर वेडंवाकडं आलंय ते वयामुळे नव्हे, आनंदामुळे. थांब, क्रमाने सांगतो.

जुन्या टपाल कचेरीत संग्रहालय निघालंय, आपल्या भागातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं. नात म्हणाली, "चला आजोबा, तुमच्या काळातलं सगळं काचेआड ठेवलंय. तुम्हाला तिथेच ठेवून घेतलं नाही म्हणजे मिळवली." पहिल्याच खोलीत बँडमधल्या ड्रमवाल्याचा लाल कोट. पट्ट्याने घासून घासून एका खांद्यावरचं कापड पार विरलंय. वर फोटो बघतो तर कोण? आपला इस्त्रीवाला! ज्याच्याशी मी तीस वर्षं कॉलरवरून हुज्जत घातली, तो. खाली लिहिलंय, ‘ठेक्याला कधी क्षणाचाही उशीर नाही.’ शर्टांना मात्र आठवडा! मी मोठ्याने हसलो, तर रखवालदाराने ओठांवर बोट ठेवलं.

कचेरीच्या खिडक्या तशाच आहेत गं. जिथून तिकिटं मिळायची, तिथून आता एक बासरी डोकावते.

दुसऱ्या खोलीत हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या आपल्या पेटीवाल्या काकांचं दुकान जसंच्या तसं मांडलंय. त्यांच्या सुनेने सगळं सामान देऊन टाकलं. सुट्या पट्ट्यांचे डबे, भात्याचे तुकडे, आणि टेबलावर त्यांचं ते स्पूलवालं रेकॉर्डिंगचं यंत्र. फक्त खिडकीवरची रजई नाही. आठवते? रस्त्यावरचा आवाज आत येऊ नये म्हणून काकांनी खिळे ठोकून रजई लावली होती, आणि तू म्हणालीस, "काका, मी गायचंय की झोपायचंय?"

यंत्राशेजारी हेडफोन होते. कानाला लावले. आधी खुर्ची करकरली. मग काकांचा आवाज, "हं, चालू." आणि मग तू.

ताई, एकवीस वर्षांची तू! मी लिहिलेलं, तू चाल लावलेलं आपलं गाणं. शाळेतल्या कविता तूच मला भांडी विसळता विसळता चालीवर शिकवायचीस. अजूनही कुठली कविता उघडली की आधी तुझा आवाज येतो, मागाहून अर्थ. कालही तसंच झालं. मी सतरा वर्षांचा होऊन तिथे उभा, आणि मागे शाळेची एक अख्खी सहल ताटकळलेली. नातीने बाही ओढली, "आजोबा, रांग लागलीये." मी म्हटलं, "लागू दे. माझा नंबर अठ्ठावन्न वर्षांपूर्वीचा आहे." तीनदा ऐकलं!

मग फलक वाचला. शब्द कुणाचे, तिथे माझं नाव. त्याखाली, गायिका: अज्ञात.

संग्रहालयाच्या बाई धावत आल्या. (डोक्यावर चष्मा ठेवून चष्मा शोधणाऱ्या आहेत. तुझ्याशी जमेल.) मी म्हटलं, "अज्ञात कसली? माझी सख्खी मोठी बहीण आहे. दर रविवारी फोनवर मला झापते." त्यांनी माझे दोन्ही हात धरले. महिनाअखेरीला नवे फलक छापायला जाणार आहेत, पण गायिका हयात आहे म्हटल्यावर तिचा लेखी होकार हवा. म्हणजे तुझी फक्त एक सही. लगेच पाठव.

स्पूलच्या डब्यात एक चिठ्ठीही सापडली आहे. मला दाखवली. जुनाट कागद, विशेष काही नाही. असो.

सही पाठव. गुडघ्याला शेक दे.

तुझा,
कविराज


९ फेब्रुवारी

कविराजांस ताईचे अनेक आशीर्वाद.

जेवलास का? (लिहूनही विचारणारच.)

तुझं पत्र सुनेने मोठ्याने वाचून दाखवलं. इस्त्रीवाल्याचं ऐकून मला हसून हसून ठसका लागला. मांडीवर झोपलेला पणतू उठला आणि आता काही केल्या झोपत नाही. ते पाप तुझ्या माथी.

सही मात्र पाठवत नाही. रागावू नकोस. ते गाणं रेडिओच्या स्पर्धेतून परत आलं होतं, विसरलास का? तूच दारातून ओरडलास, "परत आलं, नाही म्हणाले!" मी तेव्हाच ओळखलं की आपला गळा घरापुरता. पुढे तो घरापुरताही ठेवला नाही. मुलांना झोपवतानासुद्धा गोष्टी सांगितल्या, गायले नाही. जाणत्या माणसांनी नको म्हटलेल्या गाण्याला म्हातारपणी नाव चिकटवून हसं कशाला करून घेऊ? ‘अज्ञात’ आहे ते बरं आहे. बाईंना सांग, माझीच ओळखण्यात चूक झाली, नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालंय.

एक सांग पण. आवाज खरंच बरा होता का रे?

तुझी,
ताई


१४ फेब्रुवारी

ताई,

आज नमस्कार शेवटी करणार आहे, आणि तो घ्यायचा की नाही ते तू ठरव.

जेवलो नाही. तुझं पत्र काल दुपारी आलं. ते वाचून ताटावर बसलो आणि तसाच उठलो.

मागच्या पत्रात मी रजई, बासरी, इस्त्रीवाला, सगळी बडबड केली आणि त्या चिठ्ठीवरून मात्र टुणकन उडी मारली. ती चिठ्ठी रेडिओ केंद्राची आहे. काल जाऊन उतरवून आणली. जशीच्या तशी देतो:

‘आवाज व चाल दोन्ही आम्हांस फार आवडले. परंतु डब्यावर गायिकेचे नाव नाही, आणि नियमानुसार त्याशिवाय विचार करता येत नाही. नाव लिहून डबा महिनाअखेरपर्यंत पुन्हा पाठवावा. वाट पाहतो.’

पुन्हा वाच. सूनबाईंना मोठ्याने वाचायला सांग.

नाव का नव्हतं, ते आता ऐक. माझं अक्षर चांगलं, म्हणून डब्यावर लिहायचं काम काकांनी मला दिलं होतं. ‘शब्द’ या रकान्यात मी माझं नाव वेलबुट्टी काढून लिहिलं. ‘गायिका’ हा रकाना मुद्दाम कोरा ठेवला. का, तर तू माझी ओळ बदललीस म्हणून. मी लिहिलं होतं,

‘पाखरे गेली उडून सारी, रिकामी उरली फांदी.’

तू गायलीस, ‘हलती राहिली फांदी.’ बाहेर आल्यावर मी तणतणलो, तर तू म्हणालीस, "अरे, ‘रिकामी’ म्हटलं की गाणं तिथेच बसकण मारतं. आणि पाखरू उडालं की फांदी हलते. कविता करण्याआधी खिडकीतून बघत जा की जरा!" काकाही हसले. सतरा वर्षांचा कवी गं मी. माझ्या ओळीला कुणी हात लावला म्हणजे माझं नाकच कापलं. ठरवलं, ताई आधी चूक कबूल करील, मग नाव लिहीन. तोवर काकांनी डबा टपालात टाकलासुद्धा.

तो परत आला तेव्हा मला खरंच वाटलं, नाकारला. न उघडता धावत सुटलो आणि दारातून ओरडलो. तू चादर पिळत होतीस. पीळ तसाच हातात धरून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "बरं." एवढंच. संध्याकाळी दुकानात डबा उघडला, तर आत चिठ्ठी.

ती खिशात घालून घरी आलो. तू पेटीवर कापड घालून वर शिवणाचं सामान मांडून ठेवलं होतंस. उद्या सांगू म्हटलं. उद्याचा परवा झाला, महिना संपला, आणि चिठ्ठी मी डब्याच्या तळाशी, अस्तराच्या कागदाखाली सारून दिली. पुढे तुझं लग्न, माझी नोकरी, आणि दर रविवारी ‘जेवलास का’. अठ्ठावन्न वर्षं मी उद्या, उद्या म्हणतोय. तू मुलांसाठीही गायली नाहीस हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घेतलं नाही, हे जास्त खरं.

नाही म्हणणारं कुणीच नव्हतं, ताई. फक्त एक रुसलेला भाऊ होता.

आणि आवाज बरा होता का, असं विचारतेस! काल बाईंनी हेडफोन काढून गाणं मोठ्या स्पीकरवर लावलं, सगळ्या खोलीला. तो ओठांवर बोट ठेवणारा रखवालदार दारात येऊन उभा राहिला. ‘हलती’वर तू जो सूर लांबवतेस ना, तिथे त्याची मान आपोआप डोलली! गाणं संपल्यावर मला म्हणाला, "आजोबा, परत लावायला सांगा की. माझं नाव सांगू नका." नात जिन्यावरून उतरताना गुणगुणत होती, आणि काय गुणगुणत होती सांगू? तुझी ओळ. माझी नव्हे.

घरी येऊन मी शाळेतल्यासारख्या बोटांवर मात्रा मोजल्या. ‘रिकामी उरली फांदी’, तेरा. ‘हलती राहिली फांदी’, तेरा. एक मात्रासुद्धा इकडची तिकडे केली नव्हतीस. मग खिडकीशी जाऊन बसलो. समोरच्या झाडावरून एक साळुंकी उडाली. फांदी कितीतरी वेळ हलत होती, ताई. नव्या डोळ्याने स्पष्ट पाहिलं.

बाईंचा कागद सोबत आहे. ‘शब्द’पुढे मी दोघांची नावं लिहिली आहेत, तुझं आधी. ‘चाल’पुढे तुझंच. ‘गायिका’ हा रकाना याही खेपेला कोरा सोडलाय, पण आता तो तुझ्या हाताने भरायचा आहे. नाही भरलास तर बाईंना मी काहीबाही सांगेन, पुन्हा विषय काढणार नाही. पण पणतवंड झोपत नाही म्हणतेस ना? निदान त्याला एकदा गाऊन दाखव. त्याला काही तुझा निकाल माहीत नाही.

महिनाअखेरपर्यंत वाट पाहतो.

आता नमस्कार. हा कागदावरचा नाही. हे लिहून झालं की तुझ्या गावाच्या दिशेने खरोखर वाकणार आहे. सरळ करायला दोन माणसं लागतात, लिहिलंच होतं. एक नात आहे, शेजारी उभी. दुसरं माणूस तू.

तुझी ओळ मान्य असलेला,
तुझा धाकटा भाऊ