क्लेने सोडलेली जागा

रविवार, २६ ऑक्टोबर

सोडली! क्ले रुडिसिलने जागा सोडली. धडधडीत, भरलेल्या स्टँडच्या डोळ्यांदेखत.

गाड्यांच्या शर्यतीची शेवटची फेरी. क्ले सहावा. त्याच्या मागे त्याच्याच मालकाची दुसरी गाडी. क्ले अजिंक्यपदाच्या चढाओढीतून कधीच बाद झालाय, पण मागच्याला एक जागा वर मिळाली की तो किताबासाठी झुंजणाऱ्या शेवटच्या चौघांत. मी नेहमीसारखी कानाला रेडिओ लावून क्लेच्या गाडीतलं बोलणं ऐकत होते. आणि आवाज आला — "मागच्याला एक जागा हवीय, क्ले. आत्ता." तिसऱ्या वळणावर क्ले भिंतीकडे सरकला आणि शाळेच्या बससारखा रांगायला लागला.

तो आवाज कोल्बीचा. माझ्या बहिणीचा, नेल्डाचा मुलगा. क्लेचा स्पॉटर तो; स्टँडच्या छपरावर उभा राहून क्लेला रेडिओवरून वाट सांगतो. त्याला ही नोकरी लागली तेव्हा मी अख्ख्या चर्चला केक खाऊ घातला होता.

तोंड पाडून गाडीत बसले. घरी येताना नवरा, लॉइड, म्हणाला, "काय गं व्हर्ना, कोणी गेलं का?"

सोमवार, २७

शर्यत जिंकायला हल्ली धावतंय कोण? गुण मोजायला धावतात. टप्पे, बाद फेऱ्या, शेवटचे चौघे! पूर्वी वर्षभर जो चांगला धावेल तो राजा. आता वर्षभर मर मर मरा, एका दुपारी टायर फुटला की चला घरी. गाड्या सगळ्या एका साच्यातल्या. स्टिकर काढले तर कोणती फोर्ड, कोणती शेवरले, लॉइडलासुद्धा ओळखू येणार नाही — आणि त्याचा जन्म गॅरेजमध्ये गेला. अर्ध्या शर्यती टीव्हीवर नाहीतच.

हे सगळं गिळलं मी. का? क्ले होता म्हणून. क्ले कोणाला जागा देत नाही म्हणून!

लॉइड म्हणतो, "मी कधीचा सांगतोय, टीव्हीवरची कुस्ती झालीय ही. फक्त खुर्च्या फेकायच्या राहिल्यात."

मंगळवार, २८

नेल्डाचा फोन. उचलला नाही.

बुधवार, २९

चौकशी बसली. क्ले टीव्हीवर. दाढी केलेली, टोपी हातात. "मला वाटलं टायर जातोय. स्पॉटर काहीतरी बोलला, पण मला नीट ऐकू आलं नाही."

ऐकू आलं नाही! मला वरच्या रांगेत लख्ख ऐकू आलं.

तरी मनात आलं — खरंच असेल. टायर असेल. कोल्बीच आगाऊ. लहानपणापासून त्याला मधे मधे बोलायची सवय.

शुक्रवार, ३१

कोल्बीला काढलं. म्हणे त्याने "परस्पर" सांगितलं, टीमला पत्ता नव्हता. क्लेला दंडसुद्धा नाही.

संध्याकाळी भुताखेतांची सोंगं घेऊन दारात पोरं गोळ्या मागायला येत होती, दरवर्षीसारखी. मी दिवा मालवून आत बसले.

शनिवार, १ नोव्हेंबर

सकाळी कोल्बी आला. डोळे सुजलेले. मी ताजी भाजलेली मऊ बिस्किटं आणि वर ग्रेव्ही असं ताट पुढे ठेवलं. त्याने खाल्लं नाही. मग मीच तोंड उघडलं.

"मी ऐकलं होतं रे. माझ्या कानांनी."

"माहितेय, मावशी. तू रेडिओ लावतेस ते मला ठाऊक नाही का? बोलताना तूच आठवलीस."

"मग का बोललास?"

"सकाळीच ठरलं होतं, टीमच्या ट्रकमध्ये. मालक, टीमचा चीफ, क्ले, सगळे होते. कोणीतरी बोलायला तर हवं."

"आणि क्ले?"

त्याने ताट बाजूला सारलं. "क्ले म्हणाला, कोल्बीने सांगितलं तरच सोडीन. खापर माझ्या डोक्यावर नको."

लॉइड दारात उभा होता. "मग चौकशीत हे सांग की, गाढवा!"

"सांगितलं. त्यांनी विचारलं, साक्षीला कोण आहे? ट्रकमधला एकही जण बोलला नाही."

क्लेच्या नावाची माझी टोपी आतल्या खुंटीवर होती. उचलली आणि सरळ कचऱ्यात टाकली. जॅकेट, सह्या केलेले फोटो, सगळं. कोल्बीला म्हटलं, "त्या माणसाचं नाव या घरात पुन्हा निघणार नाही." पोरगं टेबलावर डोकं टेकून रडलं. रात्री इथेच राहा म्हटलं.

रविवार, २ नोव्हेंबर

वर्षाची शेवटची शर्यत. बघायची नाही असं ठरलं होतं. "मला चालेल, लावा," असं कोल्बीच म्हणाला, म्हणून लॉइडने लावली.

शेवटच्या वळणावर क्ले बाहेरच्या बाजूने आला. भिंतीला घासत, ठिणग्या उडवत, दोघांना मागे टाकत — पहिला!

मी उभी होते. दोन्ही हात वर. "चल क्ले! चल माझ्या राजा!"

लॉइडने टीव्ही बंद केला तेव्हा भान आलं. कोल्बी सोफ्यावरून माझ्याकडे बघत होता.